बिघाड बोनेटखाली लपत गेले त्याची गोष्ट

जुनी गाडी बघायला गेलं की जाणकार माणूस ठरलेल्या काही गोष्टी करतो. इंजिन थंड असतानाच सुरू करून बघतो. डिपस्टिक काढून ऑइल बोटावर चोळतो. चासी नंबर कागदाशी ताडून पाहतो. मीटरवरचे किलोमीटर आणि पेडलच्या रबराची झीज यांचा मेळ बसतो का ते तपासतो आणि अलीकडे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावतो. यातल्या प्रत्येक सवयीमागे एखादा जुना बिघाड किंवा जुनी फसवणूक आहे. मोटारी दर पिढीत अधिक भरवशाच्या होत गेल्या हे खरं. पण त्याच काळात बिघाड मालकाच्या नजरेआड गेले, आणि सेकंड हँड गाडी घेणाऱ्याची खरी अडचण तिथून सुरू होते.

सुरुवातीला सगळंच उघड्यावर होतं. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार, दोन मुलांना सोबत घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला नेली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनची तार घासून उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. इंधन संपलं ते विसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. तुंबलेली नळी, उघडी पडलेली तार आणि झिजलेले ब्रेक हे तिन्ही बिघाड आजच्या गाडीतही होतात. फरक एवढाच की त्यांनी तिन्ही डोळ्यांनी पाहिले आणि हाताशी होतं त्याने दुरुस्त केले.

दुरुस्तीचा पुढचा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण खोलल्या गेल्या. सुटे भाग एकमेकांत मिसळले, काही भाग काढून त्यांच्या जागी विक्रेत्याकडच्या साठ्यातले नवे ठेवले आणि साध्या पान्या-स्क्रूड्रायव्हरने तिन्ही गाड्या पुन्हा जोडल्या. त्यानंतर त्या ट्रॅकवर ५०० मैल चालल्या. त्या काळात प्रत्येक गाडीचा भाग कानशीने घासून त्याच गाडीला बसवायची रीत होती, त्यामुळे एकीचा पिस्टन दुसरीत बसणं हीच मोठी बातमी होती. आज आपण दुकानात जाऊन मॉडेल आणि वर्ष सांगतो आणि ब्रेक पॅड घेऊन येतो. स्पेअर पार्टचा सगळा व्यवहार याच बदलावर उभा आहे.

गाडी सुरू करणं तेव्हा धोक्याचं काम होतं. समोर हँडल घालून इंजिन फिरवायचं, आणि ठिणगी वेळेआधी पडली की हँडल उलटं झटका मारायचं. मनगटं मोडायची, काही वेळा त्याहून वाईटही व्हायचं. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि मोटार चालवणं कितीतरी जास्त लोकांच्या आवाक्यात आलं. पण त्याच दिवशी एक नवा बिघाडही गाडीत आला. हँडलने सुरू होणाऱ्या गाडीला बॅटरी उतरल्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. सेल्फच्या गाडीचं तिच्यावाचून पानही हलत नाही. सकाळी गाडी नुसती टकटक करते ती याच वारशामुळे. मल्टीमीटर असेल तर निदान सोपं आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना आकडा १४ च्या आसपास जातो. चालू इंजिनवरही तो साडेबाराच्या पुढे सरकत नसेल, तर नवी बॅटरी विकत घेण्याआधी अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र) आणि त्याचा बेल्ट बघावा.

सेकंड हँड बाजार मात्र वेगळ्याच कारणाने वाढला. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक विकली गेली आणि तिची किंमत उतरत उतरत ३०० डॉलरच्या खाली आली. इतक्या स्वस्त गाडीशी टक्कर देणं कोणालाच जमेना. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये हप्त्यांवर गाडी देण्यासाठी स्वतःची वित्त कंपनी काढली. पुढे कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्या काळात दरवर्षी नवं रूप, जुनी गाडी द्या आणि नवी न्या, असा क्रम बसला. परत आलेल्या जुन्या गाड्या विकायच्याच होत्या. त्यामुळे पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यापुढे नवी कोरी पण साधी मॉडेल टी आणि त्याच पैशात वापरलेली पण बंद छताची, सेल्फची गाडी असे दोन पर्याय उभे राहिले. अनेकांनी दुसरा निवडला. मॉडेल टीचं उत्पादन थांबण्यामागे जी कारणं होती, त्यात या वापरलेल्या गाड्यांचा वाटा मोठा होता.

या बाजारात एक मूळचीच खोट होती. विकणाऱ्याला गाडीचा सगळा इतिहास माहीत, घेणाऱ्याला काहीच नाही. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी नेमका हाच प्रश्न एका लेखात मांडला. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी वेगळी ओळखता येत नसेल, तर तो मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. उरतात त्या वाईट, आणि भाव आणखी पडतो. त्यांचा तो लेख आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच विषयावरच्या कामासाठी. सर्व्हिसची बिलं जपून ठेवलेली गाडी थोडी महाग मिळाली तरी घ्यावी असं मी म्हणतो, त्यामागचं कारण हेच. ती बिलं म्हणजे विकणाऱ्याकडची माहिती आपल्या हातात येणं.

फसवणुकीचं सर्वांत सोपं हत्यार मीटर. जुने यांत्रिक मीटर आकड्यांच्या चाकांचे होते. ते खोलून मागे फिरवता यायचे आणि पाच आकड्यांचे मीटर ९९,९९९ नंतर आपोआप शून्यावर यायचे. अमेरिकेत १९७२ मध्ये केंद्रीय कायद्याने मीटर मागे फिरवणं गुन्हा ठरवलं आणि विक्रीच्या वेळी मीटरचा आकडा लिहून देणं बंधनकारक केलं. डिजिटल मीटर आल्यावर हा प्रकार संपेल असं वाटलं होतं, पण आकडा मेमरीत असल्याने तो लॅपटॉप लावून बदलता येऊ लागला. बेल्जियमने काढलेला उपाय मला जास्त शहाणपणाचा वाटतो. २००६ पासून तिथे गाडीवर काम करणारं प्रत्येक गॅरेज त्या दिवशीचे किलोमीटर एका मध्यवर्ती नोंदीत कळवतं, आणि जुनी गाडी विकताना त्या नोंदींचा दाखला घेणाऱ्याला द्यावा लागतो. जिथे अशी सोय नाही तिथे झीजच साक्ष देते. स्टिअरिंगचा गुळगुळीत झालेला भाग, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, ब्रेक पेडलचं रबर यांवरून कळतं. रबर नवं कोरं आणि सीट बसलेली असेल तर मी जास्तच सावध होतो.

चासी नंबराची गोष्टही त्याच काळातली. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने क्रमांक घालत होती. १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत १७ अक्षर-अंकांचा एकच साचा सक्तीचा झाला आणि पुढे तो जगभर रुळला. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन रोमन अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी मिसळतात. कागदावरच्या क्रमांकात यातलं एखादं अक्षर दिसलं तर एक तर लिहिणाऱ्याची चूक आहे किंवा कागद संशयास्पद आहे. ठोकलेल्या दोन गाड्यांचे अर्धे-अर्धे भाग जोडून बनवलेली गाडीही याच क्रमांकाने पकडली जाते. म्हणून तो पत्र्यावर कोरलेला, काचेखालचा आणि कागदावरचा असा तिन्हीकडे ताडावा.

मधल्या काही दशकांत मालकाच्या हातातली कामं एकेक करत सुटत गेली. कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी टोकं) असलेल्या गाडीचं ट्यूनिंग दर काही हजार किलोमीटरला करावंच लागायचं. पॉइंट घासून फीलर गेजने गॅप लावायचा, ठिणगीचं टायमिंग बघायचं, मिक्श्चरचा स्क्रू कानाने जुळवायचा. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि पॉइंट गेले. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवणाऱ्या टायमिंगच्या साखळीच्या जागी दात्यांचा रबरी पट्टा बसवण्याची सुरुवात जर्मनीच्या ग्लास या छोट्या कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केली होती. पट्टा शांत आणि स्वस्त, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांनी तो उचलला. पण ताणलेली साखळी खडखडून आधीच कळवते. पट्टा मात्र आवाज न करता तुटू शकतो. अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड खोलावं लागतं. पट्ट्याची गाडी असेल आणि तो कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून गाडीच्या किमतीतून तो खर्च वजा करायला हवा.

आता डॅशबोर्डवरच्या पिवळ्या ‘चेक इंजिन’ दिव्याबद्दल, कारण त्याच्याविषयीचे गैरसमज सर्वांत जास्त आहेत. इंजिनाचा दिवा मालकाच्या सोयीसाठी जन्मला नाही. त्याचं मूळ धुरात आहे. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असा डोळे चुरचुरवणारा धुरका उतरला की लोकांना जपानने विषारी वायू सोडला असं वाटलं. त्याचं कोडं सोडवलं अरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने, जो त्याआधी अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. मोटारींच्या धुरातले अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की हा धुरका तयार होतो, हे त्याने १९५० च्या आसपास दाखवलं. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने मोटारींचं प्रदूषण ९० टक्क्यांनी घटवायला सांगितलं. १९७५ च्या मॉडेलपासून सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि शिसं त्याला निकामी करतं म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आलं.

पुढचा दुवा नीट लक्षात घेण्यासारखा आहे. हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि कार्बन मोनॉक्साइड ही तिन्ही प्रदूषकं एकदम साफ करणाऱ्या कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या अगदी जवळ लागतं. कार्बोरेटरला ते सतत राखणं जमत नाही. म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर आला, जो १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा बसला, आणि त्याचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करणारा कॉम्प्युटर आला. मग कॅलिफोर्नियाने विचारलं की हा सेन्सर बिघडला तर कळणार कसं? १९८८ च्या मॉडेलपासून तिथे गाडीने स्वतःची तपासणी करून दिवा लावणं सक्तीचं झालं. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचं सॉकेट निराळं, बिघाडाचे कोड निराळे, आणि कित्येक गाड्यांत दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजून कोड वाचावा लागे. १९९६ पासून अमेरिकेत १६ पिनांचं एकच सॉकेट आणि सामाईक कोड आले. युरोपात २००१ मध्ये पेट्रोल गाड्यांना आणि दोन-तीन वर्षांत डिझेललाही तेच लागू झालं. स्वस्तातला स्कॅनर आज कोणत्याही कंपनीच्या गाडीला चालतो तो या नियमामुळे.

कोड बिघडलेल्या पार्टचं नाव सांगत नाही. कॉम्प्युटरला काय खटकलं तेवढंच सांगतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणं. कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन, यापैकी काहीही असू शकतं. चांगला मेकॅनिक पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवतो, कोड पुसतो आणि गाडी चालवून बघतो. कोड पी०३०२ झाला तर कॉइल खराब. जागीच राहिला तर प्लगची अदलाबदल. एक पैसा खर्च न करता निदान होतं. कोड वाचून थेट पार्ट मागवणारा मात्र गिऱ्हाइकाच्या खिशातून अंदाज बांधत असतो. दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून वितळू लागतो आणि साध्या प्लगच्या कामाचं रूपांतर महागड्या कामात होतं.

जुनी गाडी घेताना याचा आणखी एक उपयोग आहे. विकणारा सकाळी कोड पुसून दिवा घालवू शकतो. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात आणि त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. स्कॅनरवर त्या अपूर्ण दिसतात. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली हा आकडाही बऱ्याच गाड्या देतात. बॅटरी बदलल्यानेही असं होतं, तेव्हा लगेच आरोप करू नये. तरी ‘काल-परवा बॅटरी काढली होती का?’ असं विचारून चार दिवसांनी पुन्हा गाडी बघायला जाणं रास्त ठरतं.

सामाईक सॉकेटने प्रदूषणाशी संबंधित माहिती उघडी केली, बाकीची कंपन्यांच्या हातात राहिली. एअरबॅग, ब्रेक, चावीचं कोडिंग यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने स्वतंत्र गॅरेजला ही माहिती मिळण्याचा हक्क मंजूर केला. २०२० मध्ये गाडीतून थेट कंपनीकडे जाणाऱ्या डेटासाठीही त्यांनी पुन्हा मत दिलं.

विजेच्या गाडीत स्पार्क प्लग, इंजिन ऑइल, टायमिंग पट्टा यातलं काहीच नाही, आणि बॅटरीत क्षमता किती उरली आहे ते बाहेरून दिसत नाही. मीटरपेक्षा तोच आकडा आता जास्त महत्त्वाचा. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत त्यासाठी तांत्रिक नियम मंजूर झाला. बॅटरीची उरलेली क्षमता गाडीने मालकाला दाखवावी, आणि ती पाच वर्षं किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के, आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के राहावी, असं त्यात आहे. जुनी विजेची गाडी बघायला जाताना आधी हाच आकडा मागावा, आणि तो विकणाऱ्याने तोंडी सांगितला तर पडद्यावर दाखवायला सांगावा.