बज–फॉन क्राम सामना (१९३७)

डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेच्या आंतरविभागीय अंतिम लढतीतला पाचवा आणि निर्णायक सामना. २० जुलै १९३७ रोजी विंबल्डनच्या सेंटर कोर्टवर अमेरिकेच्या डॉन बजने (१९१५–२०००) जर्मनीच्या गॉटफ्रीट फॉन क्रामला (१९०९–७६) ६–८, ५–७, ६–४, ६–२, ८–६ असे हरवले आणि अमेरिकेने लढत ३–२ अशी जिंकली. सांघिक टेनिसमधील सर्वोत्तम सामन्यांच्या बहुतेक याद्यांत त्याचे नाव येते. त्याची कीर्ती मात्र खेळाइतकीच, कदाचित थोडी जास्तच, सामन्याआधी आल्याचे सांगितल्या जाणाऱ्या एका दूरध्वनीवर उभी आहे.

त्या काळी गतविजेता संघ थेट ‘आव्हान फेरी’त खेळे, बाकीच्या संघांनी विभागवार खेळून आपल्यातला एक आव्हानवीर निवडायचा, अशी पद्धत होती (ती १९७२ पासून बंद झाली). १९३३ ते १९३६ अशी चार वर्षे चषक ब्रिटनकडे होता, पण १९३६ च्या मोसमानंतर फ्रेड पेरी व्यावसायिक झाला. व्यावसायिकांना या स्पर्धेत जागा नव्हती, त्यामुळे ब्रिटनचा संघ एकाएकी दुबळा झाला. आंतरविभागीय लढत जिंकणाराच चषक नेणार हे जवळपास सगळ्यांनी गृहीत धरले होते. ‘निर्णायक’ हा शब्द या सामन्याला दोन्ही अर्थांनी लागू पडतो तो यामुळे.

पहिल्या चार सामन्यांत दोन्ही संघांनी दोन-दोन जिंकले. क्रामने ब्रायन ‘बिट्सी’ ग्रँटला हरवले, बजने हेन्नर हेन्केलला. दुहेरीत बज आणि जीन माको यांनी क्राम–हेन्केल जोडीवर मात केली, आणि परतीच्या एकेरीत हेन्केलने ग्रँटला नमवून बरोबरी साधली. हेन्केल त्याच वर्षीचा फ्रेंच विजेता होता. क्रामने तो किताब १९३४ आणि १९३६ मध्ये जिंकला होता, विंबल्डनच्या अंतिम फेरीत मात्र तो सलग तीन वर्षे हरला होता : दोनदा पेरीकडून आणि तिसऱ्यांदा, या सामन्याच्या अठरा दिवस आधी, बजकडून सरळ तीन सेटमध्ये. कागदावर बजचेच पारडे जड होते.

प्रत्यक्षात पहिले दोन्ही सेट क्रामने घेतले. तिसरा आणि चौथा बजने जिंकला. पाचव्यात क्राम ४–१ असा पुढे गेला. यानंतरच्या डावपेचाविषयी सर्वाधिक माहिती मिळते ती बजच्या स्वतःच्या कथनातून, आणि ते स्वीकारण्यास हरकत नाही. क्रामची दुसरी सर्व्हिस भरपूर फिरकीची होती. टप्पा पडल्यावर चेंडू उंच उसळे. बजने मागे थांबून तो खाली येण्याची वाट पाहणे सोडले. तो पुढे सरकून चेंडू वर चढत असतानाच मारू लागला आणि त्या फटक्यामागोमाग नेटकडे धावू लागला. हा जुगारच होता, कारण गवतावरच्या उसळीचा भरवसा नसतो आणि लाकडी रॅकेटला चुकीची मुभा फार कमी. पण फटके बसत गेले आणि ४–४ अशी बरोबरी झाली. पुढे ६–६. टायब्रेकर (बरोबरीतला सेट संपवणारा एकच निर्णायक गेम) ही सोय तेव्हा नव्हती; दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचे. बजने क्रामची सर्व्हिस भेदून ७–६ केले. शेवटच्या गेममध्ये क्रामने मॅच पॉइंट (गमावल्यास सामनाच संपेल असे गुण) वाचवले, ते किती याबाबत वृत्तान्त जुळत नाहीत. अखेरचा गुण बजने धावत जाऊन मारलेल्या फोरहँडवर मिळवला; तोल जाऊन तो कोर्टवर पडला आणि चेंडू आत पडल्याचे त्याला प्रेक्षकांच्या गजरावरून कळले, असे सांगतात. घड्याळात तेव्हा रात्रीचे पावणेनऊ वाजत आले होते. नेटपाशी क्रामने, आपण आयुष्यात खेळलेला हा सर्वांत सुंदर सामना होता, अशा अर्थाचे अभिनंदन केले.

आता दूरध्वनीविषयी. बजच्या सांगण्यानुसार, दोघे खेळाडू कोर्टवर जायला निघाले असताना कपडे बदलण्याच्या खोलीतला फोन वाजला. खेळाडूंना कोर्टवर नेण्याचे काम टेड टिनलिंगकडे होते. राणी मेरी प्रेक्षागृहात असल्याने त्याला उशीर नको होता, तरी क्रामने फोन घेतला. पलीकडे हिटलर होता. परतलेला क्राम पांढरा पडला होता आणि जीव पणाला लागल्यासारखा खेळला. ही कथा पुढे असंख्य लेखांत जशीच्या तशी उतरली.

क्रामने मात्र असा फोन आल्याचे नंतरच्या काळात नाकारले. अभ्यासकांत दोन्ही मते आढळतात, तरी नकाराचे पारडे जड वाटते. असा फोन खरोखर आला असता तर युद्धानंतर तो लपवून ठेवण्याचे क्रामला काही कारण नव्हते. उलट त्या कथेने त्याच्याविषयीची सहानुभूती वाढलीच असती. शिवाय कथेचा आकार संशय यावा इतका नेटका आहे : क्रामचे पहिले दोन सेट ती भीतीच्या खाती टाकते आणि त्याच्या कौशल्याला काही उरू देत नाही. बज खोटे बोलला असे म्हणण्याची गरज नाही. त्या दिवशी कोणाचा तरी फोन आला असेल आणि क्रामचे पुढे जे झाले त्याच्या उजेडात फोन करणाऱ्याचे नाव ठरून गेले असेल, हा तर्क अधिक पटण्याजोगा आहे.

पुढे झाले ते असे. मार्च १९३८ मध्ये क्रामला अटक झाली. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या जर्मन दंडसंहितेच्या कलम १७५ खाली त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. त्यातली सुमारे निम्मी त्याने भोगली. तो नाझी पक्षात कधीच सामील झाला नव्हता. ही अटक विंबल्डनच्या पराभवाची शिक्षा होती, असे पुष्कळदा लिहिले जाते. कालक्रम त्याला फारसा आधार देत नाही. पराभवानंतरही क्राम आणि हेन्केल जर्मनीतर्फे परदेशी खेळत होते. १९३७ मध्येच त्यांनी अमेरिकेची दुहेरी स्पर्धा बज–माको जोडीला हरवून जिंकली आणि १९३८ च्या सुरुवातीला ते ऑस्ट्रेलियात होते. जिंकला असता तर तो वाचला असता काय, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर कालक्रमातून मिळत नाही.

आणखी एक गुंतागुंत बिल टिल्डनची. अमेरिकेचा हा थोर खेळाडू तेव्हा व्यावसायिक झाला होता आणि जर्मन संघाला मार्गदर्शन करत होता. आपल्याच देशाविरुद्धच्या या भूमिकेमुळे प्रेक्षागृहातल्या काही अमेरिकनांशी त्याची बाचाबाची झाल्याचे किस्से आहेत. आपण पाहिलेला हा सर्वश्रेष्ठ सामना, असे मत त्याने दिल्याचे सांगितले जाते. अमेरिकेचा न खेळणारा कर्णधार वॉल्टर पेट याचेही मत असेच होते.

आव्हान फेरीत अमेरिकेने ब्रिटनला ४–१ असे हरवले आणि १९२७ मध्ये फ्रान्सकडे गेलेला चषक दहा वर्षांनी परत मिळवला. १९३८ मध्ये बजने चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. हे करणारा तो पहिला खेळाडू. त्यानंतर तो व्यावसायिक झाला. हेन्केल १९४३ मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला. क्रामही त्या आघाडीवर होता, पण हिमदंशामुळे परत आला. १९५१ मध्ये वयाच्या बेचाळिशीला टेकलेला क्राम पुन्हा विंबल्डनला उतरला आणि पहिल्याच फेरीत यारोस्लाव ड्रोब्नीकडून हरला. १९७६ मध्ये कैरोजवळ मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला.