फौजेची पेन्सिल आणि सह्याद्री

जुन्या पुण्याच्या छापील चित्रांत पर्वती, संगम, बोरघाट वारंवार दिसतात, आणि चित्रकार म्हणून बरेचदा एखाद्या इंग्रज कॅप्टनचं किंवा लेफ्टनंटचं नाव असतं. लढायला आलेला माणूस चित्रं काढत का बसायचा? हौस होतीच, पण मुळात ते नोकरीचंच काम होतं.

चढ किती उभा आहे, नदी कुठे पायी ओलांडता येते, किल्ल्याच्या कोणत्या अंगाला तोफ चढेल, हे कॅमेऱ्याच्या आधीच्या काळात हातानेच टिपावं लागे. त्यामुळे इंग्लंडमधल्या वुलिचच्या लष्करी अकादमीत पॉल सँडबीसारखा नामवंत निसर्गचित्रकार १७६८ पासून कॅडेटांना रेखाटन शिकवत होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ मध्ये इंग्लंडमध्येच ॲडिसकमला स्वतःची लष्करी संस्था काढली. तिथेही चित्रकला शिकावीच लागे.

पुण्यात मात्र चित्रकला फौजेच्या आधीच रुजली होती. १७९० च्या दशकात पेशवे दरबारातला इंग्रज वकील (रेसिडेंट) मॅलेट याच्या पुढाकाराने चित्रकार जेम्स वेल्सने शनिवारवाड्यात चित्रशाळा चालवली. तिथल्या गंगाराम तांबटांनी लेणी रेखाटली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे प्राणिसंग्रहातला, गेंडाही काढला. तो गेंडा पाहिला की अनेक साहेबांची चित्रं फिकी वाटतात.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, मार्च १८१८ मध्ये सिंहगड पडला आणि हा सगळा मुलूख अधिकाऱ्यांना मोकळा झाला. पश्चिम भारताची चित्रं घरोघर पोचवण्यात कॅप्टन रॉबर्ट ग्रिंडले पुढे होता. तो १८०३ मध्ये, सतरा वर्षांचा असताना इकडे आला. त्याचा ३६ रंगीत चित्रांचा संग्रह लंडनमध्ये १८२६ ते १८३० या काळात निघाला. (पूर्वीची ग्रिंडलेज बँक त्याच्याच नावाची.)

पण छापलेलं चित्र म्हणजे मूळ रेखाटन नव्हे. लंडनचा कारागीर तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाने छटा काढी, मग ठशांवर हाताने रंग चढे. त्याने घाट पाहिलेला असेलच असं नाही. आपले डोंगर थराथरांचे, माथ्याला सपाट, कडे पायऱ्यांसारखे. छापात त्यांचे कधी कधी युरोपी सुळके होतात. कडेला एक वाकडं झाड आणि पुढे दोनचार माणसं, ही तेव्हाची फॅशनच. वाट, पूल, तटबंदी यांवर भरवसा ठेवावा. डोंगराच्या उंचीवर जरा जपून.

१८५५ मध्ये ॲडिसकमला फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी कॅप्टन बिग्ज विजापूर-बदामीकडे निघाला तो कॅमेरा घेऊनच.