तीन महिने आणि दहा मिनिटं

धुळ्याच्या घरी ब्लू चीजचं पाकीट उघडलं, तशी आई दोन पावलं मागे सरकली. "याले ते बुरशी लागेल शे, फेकी दे!" तिचं म्हणणं खरंच होतं. पांढऱ्या वडीतल्या निळसर-हिरव्या रेघा बुरशीच्याच होत्या, फक्त मुद्दाम वाढवलेल्या.

या बुरशीचं नाव पेनिसिलियम रोकफोर्टी. फ्रान्समधल्या रोकफोर गावावरून ते पडलं. तिथे मेंढीच्या दुधाचं चीज कोंबालू डोंगराच्या थंड गुहांत मुरवतात. बुरशीला हवा हवी, म्हणून चीजला दाभणासारख्या लांब सुयांनी भोकं पाडतात. हवा शिरते तिथवर बुरशी पसरते. वडीवर दिसणाऱ्या रेघा म्हणजे हवेच्या त्या वाटा.

रोकफोर किमान ३ महिने मुरतं. आपला पास्त्याचा सॉस १० मिनिटांत होतो तो या मुरण्याच्या जिवावर. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. साध्या चीजमध्ये त्याचं जाळं शाबूत असतं, म्हणून पिझ्झ्यावर तार सुटते. बुरशीची विकरं हे जाळं बारीक कातरून टाकतात. त्यामुळे ब्लू चीज बोटानं चुरतं आणि गरम क्रीममध्ये तार न धरता मिसळून जातं. दुसरीकडे स्निग्धांशातून मेदाम्लं सुटतात. ती साठली तर बुरशीलाच बाधतात, म्हणून ती त्यांची कीटोन संयुगं करून टाकते. त्यातलंच एक टू-हेप्टॅनोन. नाकात शिरणारा तो वास मुख्यतः या संयुगांचा.

आता गॅसवर. दोघा-तिघांना २०० ग्रॅम पास्ता पुरतो. पास्त्याचा रवा ड्युरम गव्हाचा, म्हणजे शेवयांसाठी आपण शोधतो त्या बन्सीच्याच जातीचा. पातेलंभर पाणी नको, पास्ता नीट बुडून हलेल एवढंच घ्या. मीठही हात राखून, कारण चीज चांगलंच खारट असतं. कमी पाण्यात स्टार्च दाट उतरतो. कुरडयांचा चीक ज्यांनी घाटलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको: दुधासारखं पातळ पाणी ढवळता ढवळता अचानक जड होतं, चकाकतं, हात भरून येतो. साधारण ६० अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्याचा हा परिणाम. चिकोल्यांचं वरण दाटतं तेही यामुळेच. म्हणून पास्ता गाळताना वाटीभर पाणी बाजूला काढाच.

कढईत १५० मिलिलिटर क्रीम मंद आचेवर ठेवा. कडेनं बुडबुडे दिसले की गॅस बंद. मग ८० ग्रॅम चीज चुरून घाला, पास्त्याचं अर्धी वाटी पाणी ओता, घोटा, पास्ता घालून हलवा.

चीज घातल्यावर उकळी मात्र येऊ देऊ नका. पहिल्या वेळी मी ती येऊ दिली, आणि वर तेलाचा तवंग, खाली रवाळ कण असा सॉस फाटला. फार तापलं की प्रथिनं आकसतात आणि धरून ठेवलेला स्निग्धांश सोडून देतात. स्टार्चचे फुगलेले कण मध्ये असले, तर प्रथिनांना एकमेकांना चिकटायला जागा मिळत नाही. कढी फाटू नये म्हणून ताकाला बेसन लावतो, तोच हा न्याय.

शाकाहारी असाल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या. परंपरेनं चीजसाठी दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट हे विकर वापरतात. सॉस उकळत नसल्यानं लिस्टेरिया जिवाणूचा धोका राहतो, म्हणून गरोदर बाईनं हा पास्ता टाळावा.

आणि आईची शंका घरातल्या इतर बुरशीबाबत शंभर टक्के लागू आहे. दमट शेंगदाण्यांवर किंवा मक्यावर येणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करू शकते, आणि ते भाजून-शिजवून पुरतं जात नाही. ते दाणे फेकायचेच.

अक्रोड घरात नव्हते. आईनं भाजलेले, नीट निवडलेले शेंगदाणे भरड कुटून वरून टाकले, एक घास घेतला आणि ताट जवळ ओढलं. "खारं शे," म्हणाली, "पन चांगलं शे."