तंबाखूचा कॅन्सर आणि तोंडातला मेलानोमा

निपाणी-चिकोडीकडं तोंडाचा कॅन्सर म्हटलं की तंबाखूच डोळ्यांसमोर येते. त्यात चूक काही नाही. पण बायोप्सीत मेलानोमा हा वेगळाच कॅन्सर निघाला की नातेवाईक चक्रावतात, "अहो, अक्कांनी कधी मिश्रीसुद्धा लावली नाही!" नसेलच लावली. या आजाराचा तंबाखूशी पक्का संबंध सापडलेला नाही, आणि कातडीच्या मेलानोमाचा असतो तसा उन्हाशीही नाही.

तंबाखूचा कॅन्सर बहुधा गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला होतो. पांढरा-लाल चट्टा पडतो, जखम भरत नाही, तोंड उघडेनासं होतं. मेलानोमा रंग तयार करणाऱ्या पेशींतून उठतो, जास्त करून टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर. दुखत नाही. मिश्रीनं काळवंडलेल्या हिरड्यांत तर तो लपूनच जातो. काही वेळा काळाही नसतो, लालसर गाठ दिसते.

दोन्हींत पहिलं पाऊल ऑपरेशनच. पुढं वाटा फुटतात. तंबाखूच्या कॅन्सरला गरजेप्रमाणं लाइट (रेडिएशन), सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, आणि लवकर सापडला तर बहुतेक पेशंट पाच वर्षांपुढं जातात. मेलानोमात टाळूजवळ स्वच्छ कड ठेवून कापायला जागाच कमी. लाइटनं त्याच जागी परत उठण्याचं प्रमाण घटतं, आयुष्य वाढल्याचं मात्र दिसलेलं नाही. नेहमीच्या केमोचाही फारसा उपयोग नाही. गाठ नखाएवढी असली तरी डॉक्टर चार टप्प्यांपैकी तिसऱ्यापासूनच मोजतात, यावरून काय ते समजा. श्लेष्मल अस्तराच्या, म्हणजे तोंड-नाकासारख्या आतल्या ओलसर अस्तराच्या मेलानोमात पाच वर्षं काढणारे जुन्या आकडेवारीत चारात एक.

ते आकडे इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांच्या आधीचे, हे विसरू नये. पसरलेल्या आजारात यातल्या एकट्या निवोलुमॅबनं साधारण 23 टक्के जणांच्या गाठी आटल्या, जोडीला इपिलिमुमॅब हे तसंच दुसरं औषध दिल्यावर 37 टक्के. त्रास मात्र जोडीत बराच जास्त, आणि खर्च कुणाचंही शेत विकायला लावणारा. काहींच्या गाठीत किट जनुकाचा बदल सापडतो, त्यांना इमॅटिनिबच्या गोळ्या लागू पडू शकतात. कातडीच्या मेलानोमात जो बीराफ जनुकाचा बदल हमखास शोधतात, तो इथं कमीच.

म्हणून शेजारच्या आण्णांचं ऑपरेशन होऊन ते ठणठणीत झाले, हा हिशेब अक्कांना लावू नका. बेळगावहून मुंबईला टाटाला निघालात तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, लॅबमधून मागून घ्या. किटची तपासणी त्यावरच होते.