पार्श्वभूमी : झावळ्यांच्या शेडपासून जम्बोच्या हँगरपर्यंत

ह्यांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती आठवणींची एक पुस्तिका काढायची ठरली आहे. मुलांनी, पुतण्यांनी लिहून दिलेल्या मजकुरात हँगर, स्नॅग, लायसन्स, रिलीज हे शब्द पानोपानी आहेत. नातवंडांना त्यांचा काही पत्ता लागत नाही, आणि लालबागच्या आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना अजूनही वाटतं की हे पायलट होते. हे विमानाचे मेंटेनन्स इंजिनिअर होते. त्यांचं आयुष्य ज्या कामात गेलं त्याचा इतिहास थोडा तरी माहीत असावा, म्हणून पुस्तिकेच्या आरंभी हे टिपण.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. विमान होतं छोटं, एका इंजिनाचं पुस मॉथ. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोलचे डबे त्यात रिते केले होते. जुहूहून पुढे मद्रासपर्यंत टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. या सगळ्या कौतुकात एक गोष्ट बहुतेक वेळा गळते. सुरुवातीच्या त्या कंपनीचं वर्णन स्वतः जेआरडींनी करून ठेवलं आहे, आणि त्यात विमानं, झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, एक पूर्णवेळ पायलट यांच्या जोडीला अर्धवेळ इंजिनिअर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक यांचाही उल्लेख आहे. जेआरडी त्यांना विसरले नाहीत. नंतर इतिहास सांगणाऱ्यांनी मात्र त्यांना गाळलं, आणि मला ते फार लागतं. जुहूची ती जागा पावसाळ्यात चिखलात जायची, म्हणून चार महिने सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. ती विमानं दर वेळी उडण्याजोगी ठेवणारे हात त्या तिघांचे होते.

युद्धाच्या काळात सांताक्रूझचा तळ तयार झाला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. कॉन्स्टेलेशनला चार इंजिनं, प्रत्येकात अठरा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानाचे १४४ प्लग! ह्यांना ज्यांनी शिकवलं त्या वडीलधाऱ्या मंडळींची उमेद त्या प्लगांवर गेली होती. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि प्लगांची जागा रोल्स-रॉइसच्या कॉनवे जेट इंजिनांनी घेतली.

हे एअर इंडियात लागले ते ७०७ च्या काळात, अप्रेंटिस म्हणून. मामंजी गिरणीत फिटर होते. ह्यांच्या बॅचमधल्या कितीतरी जणांचे वडील गिरण्यांत नाहीतर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. यंत्रावर हात ठेवून त्याची तब्येत ओळखायची विद्या गिरणगावातून सांताक्रूझच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या मोठ्या शेडमध्ये, आली, असं माझं ठाम मत आहे. हे स्वतः म्हणायचे की बेअरिंगचा आवाज ऐकायला मला बाबांनी शिकवलं, कंपनीने फक्त इंजिन बदलून दिलं.

आता लायसन्सविषयी, कारण ह्यांच्या आयुष्याचा कणा तोच होता. एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ या नियमांखाली विमान इंजिनिअरला सरकारचं लायसन्स घ्यावं लागे. त्यात ए, बी, सी, डी, एक्स असे वर्ग होते. उड्डाणाआधीच्या कामात विमानाच्या सांगाड्याचं प्रमाणपत्र ए वर्गाचं, इंजिनाचं सी वर्गाचं, आणि वीज, उपकरणं, रेडिओ यांचं एक्सचं. आता बी-१, बी-२ म्हणतात. नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही, विमानाच्या प्रत्येक जातीसाठी वेगळी मान्यता मिळवावी लागते. पायलट उतरल्यावर जो बिघाड वहीत लिहितो तो स्नॅग. इंजिनिअर तो दुरुस्त करतो, काय केलं ते लिहितो आणि खाली सही करतो. सही करून विमान उड्डाणाला सोडणं म्हणजे रिलीज. त्या सहीशिवाय विमान जागचं हलत नाही. कुठला बिघाड तसाच ठेवून विमान सोडता येतं आणि कुठला ठेवून नाही, याचीसुद्धा यादी ठरलेली असते. प्रवासी आत बसलेले, बाहेर पाऊस, अधिकारी घड्याळाकडे बघतायत आणि सही एकाच माणसाची व्हायची राहिली आहे, असे प्रसंग ह्यांच्या नोकरीत नेहमीचे. घरी उशिरा येऊन जेवताना एवढंच सांगायचे, “लोक चिडले. चिडू देत. सही माझी आहे.” बँकेच्या चेकवरही हे इतक्या सावकाश सही करायचे की मागची माणसं चुळबुळत. मला त्या सावकाशपणाचा अभिमान होता आणि आहे.

१८ एप्रिल १९७१ रोजी पहिलं जम्बो, म्हणजे बोइंग ७४७, ‘सम्राट अशोक’ मुंबईत उतरलं. हवाई दलाची मिग विमानं त्याच्या सोबतीला होती. ७०७ वर हात बसलेल्या मंडळींना एकदम सहामजली शेपटीचं, अठरा चाकांचं आणि चार स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणांचं विमान सांभाळायचं होतं. मग एकामागून एक शहाजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, अकबर आले. आमच्या कॉलनीत ही नावं नातलगांसारखी घेतली जायची. “आज विक्रमादित्यचं तीन नंबरचं इंजिन उतरवलं,” असं हे आमटी वाढून घेता घेता सांगत.

बोल्ट सुटू नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवून ती पिळतात, तिला लॉकवायर म्हणतात. तारेचा ताण नेहमी बोल्ट आवळण्याच्या दिशेने पाहिजे, आणि पीळ सारखा, इंचात सहा ते आठ. आमच्या बाल्कनीची कपड्यांची दोरी गजाला अशाच तारेने बांधलेली आहे. तारेची टोकं आत वळवली आहेत, कुणाच्या बोटाला लागू नयेत म्हणून. इतक्या पावसाळ्यांत ती एकदाही सैल झाली नाही.

१ जानेवारी १९७८. दुबईला निघालेलं तेच सम्राट अशोक उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, कोणीही वाचलं नाही. विमान किती कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण चुकीचं दाखवत होतं, बाहेर काळोखा समुद्र, आणि त्या उपकरणावर विसंबून विमान भलत्या बाजूला वळवलं गेलं, असं तपासात पुढे आलं. हे त्या रात्री ड्यूटीवर होते. सकाळी आले, अंघोळ न करता बसून राहिले. पुढे शिकाऊ मुलांना ते एक गोष्ट पुनःपुन्हा सांगत राहिले, की कॉकपिटमध्ये तशी तीन उपकरणं असतात, तिन्ही जुळतात का हे बघायची सवय तुमच्या डोळ्यांना लागली पाहिजे.

१९९० मध्ये कुवेतवर इराकचं आक्रमण झालं तेव्हा जॉर्डनमधल्या अम्मानहून सुमारे १ लाख ११ हजार भारतीयांना परत आणलं गेलं. दोनेक महिन्यांत ४८८ उड्डाणं झाली. ह्यांना काही काळ अम्मानला पाठवलं होतं.

१९९३ च्या नव्या जम्बोत फ्लाइट इंजिनिअरची, म्हणजे उड्डाणात यंत्रांवर नजर ठेवणाऱ्याची, खुर्चीच राहिली नाही, बरीचशी तपासणी संगणकाकडे गेली. पण मुंबईची खारी हवा काही बदलली नाही. गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि टॉयलेटच्या खालच्या तुळयांना लागलेला गंज आरसा आणि टॉर्च घेऊन, पोटावर सरपटत जाऊनच शोधावा लागे. निवृत्तीपर्यंत ह्यांनी ते काम दुसऱ्यावर ढकललं नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटांकडे गेली. २२ एप्रिल २०२४ रोजी शेवटचं जम्बो मुंबईहून अमेरिकेला निघालं, पंख हलवून निरोप देत. मुलाने फोनवर दाखवलं तेव्हा हे आजारी होते, तरी तीनदा लावायला सांगून बघितलं.

निवृत्तीनंतर हे लायसन्सच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना घरी शिकवत. हायड्रॉलिक यंत्रणांच्या चार रंगांत काढलेल्या आकृत्या आणि समासात मराठीत टिपणं असलेल्या त्यांच्या वह्या आम्ही त्या मुलांना दिल्या आहेत, काही पानांचे फोटो पुस्तिकेत येतील. अम्मानच्या दिवसांबद्दल मात्र हे घरी कधी मोकळेपणाने बोलले नाहीत, आणि पुस्तिकेतलं ते पान अजून कोरं आहे. तेव्हा त्यांच्यासोबत तिथे असलेल्या कोणी दोन ओळी लिहून दिल्या, तर त्या त्यांच्या नावानिशी तिथे छापू.