मेलेल्यांची खरेदीखते: गोगोलच्या विनोदामागचे सरकारी दप्तर

पावेल इवानोविच चिचिकोव नावाचा एक गुळगुळीत बोलणारा गृहस्थ रशियातल्या एका प्रांताच्या मुख्य गावी येतो, अधिकाऱ्यांना नमस्कार-चमत्कार करतो आणि मग आसपासच्या जमीनदारांकडे फिरून एकच चौकशी करतो: अलीकडे तुमचे किती भूदास मेले? मेले असतील तर ते मला विकाल का? (भूदास म्हणजे जमिनीला बांधलेला, जमीनदाराच्या मालकीचा शेतकरी.) निकोलाय गोगोलच्या 'मृत आत्मे' या १८४२ सालच्या कादंबरीचे कथानक एवढेच आहे. इंग्रजीतून वाचणाऱ्यांना ती 'डेड सोल्स' म्हणून माहीत असते, आणि बहुतेक जण हा व्यवहार म्हणजे लेखकाची भन्नाट कल्पना समजून पुढे जातात. पण गोगोलने यातले फारसे काही कल्पनेने रचलेले नाही. झारच्या सरकारचे नियम त्याने ओळीने मांडले आणि ते शेवटपर्यंत नेले तर काय होते ते दाखवले.

सुरुवात होते झार पहिल्या पीटरपासून. स्वीडनशी वर्षानुवर्षे युद्ध चाललेले, आणि कायमचे सैन्य पोसायला पैसा हवा. तोवर कर घरटी घेतला जाई, म्हणून लोक दोन-तीन कुटुंबे एकाच छपराखाली दाखवून तो चुकवत. पीटरने १७१८ मध्ये शिरगणतीचा हुकूम काढला आणि १७२४ पासून डोईपट्टी सुरू झाली. हिशोबाची पद्धत सरळसोट होती. सैन्याच्या खर्चाचा आकडा घ्यायचा आणि त्याला करपात्र पुरुषांच्या संख्येने भागायचे. उत्तर आले माणशी ७४ कोपेक (शंभर कोपेकांचा एक रूबल). तान्हे मूल असो की ऐंशीचा म्हातारा, पुरुष म्हणजे एक नग. दप्तरात या नगाला 'दुशा' म्हणत, म्हणजे जीव किंवा आत्मा. भूदासांची पट्टी भरून घेण्याची जबाबदारी जमीनदाराची.

ही शिरगणती पीटरपासून १८५७-५८ पर्यंत एकंदर दहा वेळा झाली. सातवी १८१५ मध्ये आणि आठवी १८३३ मध्ये, म्हणजे मध्ये अठरा वर्षे गेली. या अठरा वर्षांत जो मेला तो पुढच्या गणतीपर्यंत कागदावर जिवंतच राहायचा आणि जमीनदार त्याची पट्टी भरत राहायचा. नव्याने जन्मलेले पोर यादीत नसे, तेव्हा सरकारच्या मते हिशोब आपोआप बरोबर होई. १८३०-३१ ची कॉलऱ्याची साथ आली तेव्हा असे कागदी जिवंत किती वाढले असतील याचा अंदाज कुणीही करावा.

या गोष्टीची दुसरी बाजू कर्जाची आहे. सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने मॉस्कोत टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रयगृह काढले आणि त्याचा कारभार पाहायला एक पालक मंडळ नेमले. १७७२ पासून या मंडळाला पतपेढी जोडली गेली, आणि सरदार-जमीनदार आपली इस्टेट तिथे गहाण ठेवू लागले. इस्टेटीची किंमत एकरावर नव्हे, भूदासांच्या संख्येवर ठरायची. चिचिकोवचा हिशोब कादंबरीच्या अकराव्या प्रकरणात स्पष्ट येतो: नवी शिरगणती व्हायच्या आत हजार मेलेले विकत घ्यायचे, पालक मंडळ माणशी २०० रूबल देते, म्हणजे दोन लाखांचे भांडवल झाले. जमीन नसेल तर भूदास घेता येत नाहीत ही अडचण खरी, पण खेर्सोन आणि ताव्रिया या दक्षिणेकडच्या प्रांतांत सरकार वस्ती वाढवायला जमीन फुकट देते आहे. तेव्हा मेलेल्यांना तिकडे 'वसवायचे'. वर तो देवाचे आभार मानतो की नुकतीच साथ येऊन गेली आहे आणि माणसे पुष्कळ मेली आहेत. यात कल्पित काय आहे? गहाणवट खरी, दर खरा, फुकटची जमीन खरी. गोगोलने फक्त त्या तिन्ही खऱ्या गोष्टी एका माणसाच्या डोक्यात एकत्र आणल्या.

रशियात व्यंगातून राज्यकर्त्यांना बोचकारण्याची परंपरा त्याआधीपासून होती आणि तिची किंमतही ठरलेली होती. निकोलाय नोविकोवने १७६९ मध्ये 'त्रूतेन' हे उपहासाचे नियतकालिक काढून जमीनदारांच्या क्रौर्यावर लिहिले. खुद्द कॅथरीनही त्या काळी एका विनोदी नियतकालिकाला हात लावत होती, पण तिला हवा होता तो सौम्य, कुणाचे नाव न घेणारा विनोद. १७९० मध्ये रादिश्चेवने पीटर्सबर्ग ते मॉस्को प्रवासाच्या निमित्ताने भूदासांची अवस्था लिहिली. ते व्यंग नव्हतेच, सरळ संताप होता, आणि त्याला आधी देहदंडाची व मग सायबेरियाची शिक्षा झाली. पुढच्या लेखकांनी यातून एक व्यवहार शिकून घेतला: भूदासप्रथेबद्दल थेट बोलायचे नाही, एखाद्या मूर्ख जमीनदाराबद्दल मात्र हसत-हसत बोलता येते.

गोगोलला या खेळाची चव १८३६ मध्ये मिळाली होती. त्या वर्षी पीटर्सबर्गच्या अलेक्झांड्रिन्स्की रंगमंदिरात त्याचे 'रेविझोर' हे लाचखाऊ अधिकाऱ्यांवरचे नाटक झाले. (पु. ल. देशपांड्यांनी त्याचेच 'अंमलदार' केले, त्यामुळे गोगोलचा हा अर्धा भाग मराठी प्रेक्षकाला परका नाही.) पहिल्या प्रयोगाला झार निकोलाय पहिला हजर होता. सगळ्यांनाच मिळाले, पण मला सर्वांत जास्त, असे तो बाहेर पडताना म्हणाल्याचे सांगतात. झार हसला म्हणून नाटक वाचले, अधिकारीवर्ग मात्र खवळला. गोगोल त्या गदारोळाने इतका कावला की काही आठवड्यांतच त्याने देश सोडला. 'मृत आत्मे'ची सुरुवात त्याआधी १८३५ मध्येच झाली होती. विषय कवी पुश्किनने दिला असे गोगोल स्वतः सांगतो. पण मोठा भाग लिहून झाला तो रोममध्ये. रशियन खेड्याचा चिखल, धर्मशाळांतली झुरळे आणि कचेऱ्यांतला शाईचा वास इटलीच्या उन्हात बसून लिहिला गेला.

कादंबरीचे मर्म सौद्यांत आहे. मनिलोव हा साखरेच्या पाकातला जमीनदार मेलेले फुकट देऊन टाकतो, कारण त्याला व्यवहार कशाशी खातात तेच ठाऊक नाही. विधवा कोरोबोच्का अठरा मेलेले पंधरा रूबलला विकते, पण आपण फसलो तर नाही ना, या शंकेने तिची झोप उडते, आणि बाजारात मेलेल्यांचा भाव काय चाललाय हे विचारायला ती गाडी जुंपून गावात येते. तिच्यामुळेच पुढे चिचिकोवचे बिंग फुटू लागते. सोबाकेविच मात्र पक्का. तो नगाला शंभर रूबल सांगतो, आणि चिचिकोव ऐंशी कोपेकवर अडला की मेलेल्या कारागिरांची तारीफ सुरू करतो: काय गाड्या बनवायचा मिखेयेव, काय ताकदीचा सुतार होता स्तेपान प्रोब्का! सौदा अडीच रूबलवर पटतो. वर हा माणूस यादीत गुपचूप एक बाई घुसवतो. एलिझावेता वोरोबेय हे नाव शेवटच्या अक्षरात फेरफार करून पुरुषाचे दिसेल असे लिहितो, कारण बाईला भाव नाही.

इथे गोगोलचे कसब कळते. सोबाकेविच खोटे बोलत नाही. मिखेयेव खरेच उत्तम गाड्या बनवत असणार. सबंध पुस्तकात भूदासांच्या हातच्या कौशल्याबद्दल, त्यांच्या नावानिशी, सर्वांत आदराने कोण बोलतो तर तो जमीनदार, आणि तोही ते मेल्यावर, भाव वाढवण्यासाठी. माझ्या मते भूदासप्रथेवर त्या शतकात लिहिलेल्या अनेक सज्जन, कळवळ्याच्या पुस्तकांपेक्षा हे एक प्रकरण जड आहे. पुढे सातव्या प्रकरणात चिचिकोव सगळ्या याद्या घेऊन बसतो आणि एकेक नाव वाचताना त्या माणसांचे आयुष्य, दारू, पळून जाणे, मरणे मनात उभे करू लागतो. लबाडाच्या तोंडून का होईना, यादीतला नग क्षणभर माणूस होतो.

मग येते खरेदीखताची नोंदणी. कचेरीतला कारकून पुढे आलेल्या नोटेवर पुस्तक झाकतो आणि नोट पाहिलीच नाही असे दाखवतो. साहेबांची ओळख असल्याने चिचिकोवकडून निम्मीच फी घेतली जाते. उरलेली निम्मी, कशी ते कुणालाच कळत नाही, पण दुसऱ्याच एका अर्जदाराच्या खाती पडते. हे एक वाक्य गोगोल जाता जाता टाकतो आणि पुढे निघतो. शेवटी गावात अफवा उठतात. चिचिकोव खोट्या नोटा छापणारा आहे इथपासून तो वेष पालटून आलेला नेपोलियन आहे इथपर्यंत. भीतीने सरकारी वकील मरून जातो, आणि तेव्हा कुठे गावाला कळते की त्याला आत्माही होता, फक्त नम्रपणामुळे त्याने तो कधी दाखवला नव्हता.

हस्तलिखित १८४१ च्या अखेरीस मॉस्कोच्या सेन्सॉर समितीपुढे गेले. तिथे काय झाले ते गोगोलने जानेवारी १८४२ मध्ये आपला मित्र प्लेत्न्योव याला लिहिलेल्या पत्रात आहे, आणि ते पत्र कादंबरीतले एखादे प्रकरण म्हणून सहज खपावे. अध्यक्षस्थानी बसलेला गोलोखवास्तोव नाव ऐकताच कडाडला की आत्मा अमर असतो, मृत आत्मा असूच शकत नाही, लेखक अमरत्वाविरुद्ध शस्त्र उपसतो आहे. हे आत्मे शिरगणतीतले आहेत, असे त्याला समजावले, तर तो म्हणाला की मग तर मुळीच नको, हे भूदासप्रथेविरुद्ध झाले. दुसऱ्या एका सदस्याला अडीच रूबल हा भाव सोसेना. माणसाच्या आत्म्याला एवढीच किंमत? हे वाचून एकही परदेशी माणूस रशियात यायचा नाही, अशी त्याला काळजी. आक्षेप भूदास विकण्याला नव्हता, ते स्वस्तात विकण्याला होता.

गोगोलने हस्तलिखित पीटर्सबर्गला पाठवले. तिथे ते अलेक्सांद्र निकितेन्कोच्या हाती पडले. प्राध्यापक आणि सेन्सॉर असलेला हा गृहस्थ स्वतः भूदास म्हणून जन्माला आला होता, सरदार शेरेमेत्येवच्या मालकीत. विशीच्या सुमारास त्याला मुक्तता मिळाली होती. म्हणजे शिरगणतीतला एक 'आत्मा'च या पुस्तकाचा निवाडा करायला बसला होता. त्याने मार्च १८४२ मध्ये परवानगी दिली. नाव बदलून 'चिचिकोवचे पराक्रम अथवा मृत आत्मे' असे करायला लावले, म्हणजे ते धर्मविरोधी न वाटता हलकेफुलके वाटावे. एक भाग मात्र त्याने पूर्ण कापला, तो कॅप्टन कोपेयकिनचा. हा १८१२ च्या युद्धात एक हात आणि एक पाय गमावलेला सैनिक. पेन्शनसाठी राजधानीत मंत्र्याच्या दारी खेटे घालतो, हाकलला जातो आणि दरोडेखोरांचा म्होरक्या होतो. गोगोलने तो भाग पुन्हा लिहिला, मंत्र्याला दयाळू केले, कोपेयकिनला चैनीचा हट्टी केले, आणि तो मंजूर झाला. ज्या राज्याला मेलेल्यांचा व्यापार चालतो, त्याला पेन्शन मागणारा लंगडा सैनिक चालत नाही, ही गोष्ट सेन्सॉरने लेखकापेक्षा ठळकपणे सिद्ध केली.

पुस्तक आले आणि भांडण जुंपले. कॉन्स्तान्तिन अक्साकोवने त्याची तुलना होमरशी केली, तर टीकाकार बेलीन्स्कीने त्यात समाजाचे शवविच्छेदन पाहिले. स्वतः गोगोलच्या मनात भूदासप्रथा मोडायची नव्हतीच. त्याला माणसे सुधारायची होती, नियम नव्हे. १८४७ मध्ये त्याने मित्रांना लिहिलेल्या पत्रांचा एक संग्रह छापला. त्यात जमीनदारांना धर्माचा आधार घेऊन भूदासांवर कसा अंमल करावा याचे धडे होते. बेलीन्स्की तेव्हा क्षयाने खंगलेला, उपचारासाठी साल्झब्रुनमध्ये होता. तिथून त्याने गोगोलला जे पत्र लिहिले ते रशियात छापणे शक्यच नव्हते. हाताने नकला होऊन ते फिरले. एप्रिल १८४९ मध्ये पेत्राशेव्स्की या सुधारणावाद्याच्या घरच्या बैठकीत ते वाचून दाखवल्याचा आरोप ठेवून एका तरुण लेखकाला देहदंडाची शिक्षा झाली. त्याला वधस्थानापर्यंत नेऊन, शेवटच्या क्षणी शिक्षा बदलून, सायबेरियात चार वर्षे सक्तमजुरीला पाठवले. त्याचे नाव फ्योदोर दस्तयेव्स्की.

कादंबरीच्या दुसऱ्या भागात गोगोलला चांगले जमीनदार दाखवायचे होते. ते काही केल्या जिवंत होईनात. फेब्रुवारी १८५२ मध्ये त्याने ते हस्तलिखित जाळले आणि काही दिवसांतच मॉस्कोत तो वारला. पीटर्सबर्गने नाकारलेला मृत्युलेख मॉस्कोत छापून आणल्याबद्दल तुर्गेन्येवला महिनाभर कोठडी आणि मग स्वतःच्या इस्टेटीवर नजरकैद मिळाली. कोठडीत बसून त्याने 'मुमू' लिहिली, एका मुक्या भूदासाची गोष्ट. गोगोलनंतर उपहासाची ही वाट साल्तिकोव-श्चेद्रीनने पुढे नेली. तो स्वतः प्रांताचा उपराज्यपाल राहिलेला, त्यामुळे त्याच्या लेखणीत राग जास्त आणि गंमत कमी.

१८५९ पर्यंत खासगी मालकीच्या भूदासांपैकी सुमारे दोन-तृतीयांश सरकारी पतसंस्थांकडे गहाण पडलेले होते. फेब्रुवारी १८६१ मध्ये अलेक्सांद्र दुसऱ्याने भूदासप्रथा रद्द केली. जमिनीचा मोबदला जमीनदारांना सरकारने दिला आणि देताना गहाणाचे जुने कर्ज त्यातून वळते करून घेतले. सरकारने दिलेली ती रक्कम मुक्त झालेल्या शेतकऱ्यांनी ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती. १९०५ च्या क्रांतीनंतर उरलेले हप्ते माफ झाले. पीटरची डोईपट्टी युरोपीय रशियातून १८८७ मध्ये उठली होती.