हेलियम ब्लिंप (खेळण्यातला) : तरंगण्यातील दोष आणि इंदुरातील हवा

हेलियम भरलेली लांबट खोळ आणि तिच्या पोटाशी मोटरी, बॅटरी व रिसीव्हर असलेला छोटा पाळणा, अशी रिमोटवर चालणाऱ्या ब्लिंपची रचना असते. मोटरी त्याला फक्त दिशा देतात. हवेत धरून ठेवण्याचे काम एकट्या हेलियमचे. म्हणून ब्लिंप वर जात नसेल, तर मोटरीला हात लावण्याआधी वजनाचा हिशेब तपासावा.

इंदुरात हा हिशेब सखल प्रदेशापेक्षा वेगळा पडतो. शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे आणि इथली हवा त्या मानाने विरळ आहे. ३० अंश सेल्सिअसला बडोद्यात एक लिटर हेलियम साधारण १ ग्रॅम वजन उचलते, इंदुरात सुमारे ०.९४ ग्रॅम. ६० लिटरच्या खोळीत हा फरक साडेतीन ग्रॅमांच्या आसपास जातो, आणि नेमका तोललेला ब्लिंप तेवढ्याने जमिनीला टेकतो. मुंबईत छान तरंगणारा ब्लिंप सुट्टीत आजोळी, इंदूरला आणून नव्याने भरला की मुलांचा हिरमोड होतो तो यामुळेच. भरलेलाच आणला तर उलटी अडचण येते : वर येताना गॅस फुगतो आणि खोळीच्या शिवणींवर ताण पडतो.

तापमानाचा परिणाम याहून मोठा. तीच खोळ गच्च भरली, तर जानेवारीच्या १० अंशांच्या रात्री ती सुमारे ६० ग्रॅम उचलते, मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी ५४ ग्रॅम. पावसाळी दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे आणखी थोडी घट होते.

डोळ्यांवर विसंबणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. माळव्यातल्या गार रात्री खोळीवर सुरकुत्या पडतात. गॅस गेला असे समजून लोक आणखी भरतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात शिवण उसवते. वास्तविक गॅस आकसला तरी उचल जवळपास तेवढीच राहते. याउलट काही दिवस भरून ठेवलेली खोळ फुगीर दिसूनही निकामी झालेली असू शकते, कारण हेलियम बाहेर झिरपत असताना बाहेरची हवा आत शिरते. अशा खोळीत वरून गॅस भरण्यात अर्थ नाही. ती पूर्ण रिकामी करून पुन्हा भरावी.

खात्री काट्यावरच होते. जड वाटी काट्यावर ठेवून पाळणा काढलेली भरलेली खोळ तिला बांधावी. आकडा जितका उतरेल तितकी निव्वळ उचल. पाळण्याचे वजन याहून जास्त भरले तर ब्लिंप तरंगणार नाही. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमाखाली सहसा दाखवत नाही, तेव्हा सराफ्यातल्या पेढीवरच्यासारखा सूक्ष्म काटा उत्तम. ब्लिंप अगदी किंचित जड ठेवावा, म्हणजे मोटरी बंद पडल्यावर तो अलगद खाली येतो. नाक झुकत असेल तर पाळणा मागे सरकवावा. गळतीचा संशय आल्यास झडप आणि शिवणींवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. छताचा पंखा बंद हवाच.

जत्रेतल्या फुगेवाल्याकडून गॅस भरून घेऊ नये. तो पुष्कळदा हायड्रोजन असतो; उचल थोडी जास्त देतो, पण मोटरीच्या ठिणगीने पेटू शकतो. मुले जवळ खेळत असताना हा धोका मुळीच पत्करू नये.